घराचं बटन कुठी हाये? सूचना लिहिताना कीबोर्डची चिन्हं कशी वापरायची

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे अडीच, ऊन असं की कुत्रं पण रस्त्यावर नाही, लाईन गेलेली, अन मला फोन आला. आमच्या क्लासमधून शिकून गेलेली एक पोरगी आता एका केंद्रावर ऑपरेटर आहे (दाखले, सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, तेच सगळं) आणि तिच्यासमोर मी लिहून दिलेला कागद होता. "मॅडम, हे घराचं बटन कुठी हाये वो? मले दिसूनच नाही राहिलं." मी म्हटलं घराचं म्हणजे होम का? तं म्हणे, "होम नाही, होम सापडलं मले, हे घर हाये, वर निमुळतं अन खाली भिंत." दोन मिनिटं गेली तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कागदावर मी शिफ्टच्या जागी ⇧ असं चिन्ह टाकलं होतं. एका इंग्रजी लेखात पाहिलं होतं, भारी दिसत होतं, टाकलं. तिच्या कीबोर्डवर मात्र नुसतं इंग्रजीत शिफ्ट छापलेलं, बाण नाही न काही नाही, मग ती बिचारी घर शोधत बसली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास आणि झेरॉक्स चालवते, आणि जमेल तसं फुकटवाल्या सॉफ्टवेअरच्या मदत-पानांचं मराठी करते. गावाकडचे बरेच जण आता असं लिहायला लागलेत, कोणी शाळेच्या लॅबसाठी, कोणी बचत गटाच्या हिशोबासाठी, कोणी यूट्यूब व्हिडिओखाली पायऱ्या टाकतं. त्या सगळ्या नवीन लोकांसाठी हे लिहून राहिले. एक सूचना आधीच, या लेखात मी बटनांवरची इंग्रजी अक्षरंही सी, पी, एन अशी देवनागरीत लिहिलीत कारण हा लेख मोठ्याने वाचून दाखवायला पण वापरते, तुमच्या कागदावर मात्र बटनावर जे अक्षर छापलंय तेच जसंच्या तसं ठेवा.

चिन्हं आली कुठून ते आधी

सगळ्यात प्रसिद्ध चिन्ह म्हणजे मॅकचं ⌘, कमांड. १९८४ मधे पहिला मॅकिंटॉश आला, तो बनत असताना मेनूमधे प्रत्येक शॉर्टकटपुढे ॲपलचं सफरचंद छापलं जात होतं, स्टीव्ह जॉब्सला ते खटकलं, की एका मेनूत इतकी सफरचंदं, आपल्या लोगोची किंमतच राहिली नाही. मग सुझान केअर या चित्रकार बाईंनी चिन्हांच्या एका कोशातून हा चार कोपऱ्यांना चार फास असलेला चौकोन काढला. स्वीडनकडे प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर ते चिन्ह असतं, म्हणून युनिकोडमधेही (जगभरच्या अक्षरांना-चिन्हांना नंबर अन नाव देणारी यादी) त्याचं अधिकृत नाव 'प्लेस ऑफ इंटरेस्ट साइन' असंच आहे, त्यात कमांड हा शब्दच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आमच्या क्लासमधल्या पोरींना विचारलं हे काय, तं एकजात सगळ्या म्हणाल्या रांगोळी.

बाकीचा गोतावळा असा: ⇧ शिफ्ट, ⇪ कॅप्स लॉक, ⌥ ऑप्शन (तेच मॅकवरचं ऑल्ट), ⌃ कंट्रोल, ⇥ टॅब, ⏎ किंवा ↵ एंटर, ⌫ बॅकस्पेस, ⌦ डिलीट, ⎋ एस्केप, ␣ स्पेसबार. यातल्या बऱ्याच चिन्हांसाठी आंतरराष्ट्रीय मानक सुद्धा आहे, आयएसओ ९९९५ चा सातवा भाग. म्हणजे कोणी मनाने काढलेली नाहीत ती. पण मानकात आहे म्हणून आपल्या वाचकाला ओळखू येते असं काही नसतं, मानक काही कोणाच्या घरी जाऊन कीबोर्डवर छापून येत नाही.

पहिली पायरी: कीबोर्ड पाहून या

लिहायला बसायच्या आधी उठा. ज्याच्यासाठी लिहिताय त्याच्यासमोरचा कीबोर्ड पाहा, नाही जमलं तर व्हॉट्सअॅपवर फोटो मागवा. मी असे फोटो मागवायला लागले तेव्हा समजलं की आपण डोक्यात जो कीबोर्ड धरून लिहितो तसा कोणाकडेच नसतो. एकाकडे एंटरवर नुसता वाकडा बाण, शब्द नाही. एकाकडे बॅकस्पेसवर फक्त डावीकडचा बाण, आता तो बाण आणि खालचा डाव्या बाणाचा, फरक कसा सांगणार? एका जिनिंगच्या ऑफिसातला कीबोर्ड तर कापसाच्या धुळीने आणि बोटांनी इतका घासला गेलेला की अर्धी अक्षरं उडालेली, तिथले भाऊ बटनं जागेवरून ओळखतात. त्यांना कोणतंही चिन्ह दिलं तरी उपयोग नाही, त्यांना "डावीकडे सगळ्यात खालचं, कोपऱ्यातलं" असंच सांगावं लागतं. आणि लॅपटॉपवाल्यांचं वेगळंच, तिथे कोपऱ्यात कधी कंट्रोल असतो कधी एफएन, वरच्या एफ-वाल्या बटनांवर सूर्य, स्पीकर, विमान असली चित्रं, एफ ५ दाबा म्हटलं तर उजेड कमीजास्त होतो, कारण आधी एफएन धरावं लागतं.

मॅक तर आमच्याकडे एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे आहे, बस. मग ज्या कागदाचा वाचक शंभर टक्के विंडोजवाला आहे त्यात ⌘ आणि ⌥ कशाला? पण ऑनलाईन टाकणार असाल, पुण्यामुंबईचे लोक पण वाचणार असतील, तर दोन्ही द्या, आधी विंडोजचं, मग वेगळ्या ओळीवर मॅकचं. एकाच वाक्यात तिरपी रेघ मारून दोन्ही कोंबू नका, वाचणारा दोन्ही दाबतो. खरंच दाबतो. आणि मॅकवर जे बटन डिलीट म्हणून छापलंय ते आपलं बॅकस्पेस आहे, मागचं अक्षर खोडतं, तेव्हा "डिलीट दाबा" हे दोन्हीकडे वेगवेगळं होतं हेही ध्यानात ठेवा.

दुसरी पायरी: नाव आधी, चित्र मागून

माझा आताचा नियम साधा आहे. शब्द हा मुख्य, चिन्ह हे सोबतीला. पहिल्यांदा बटन आलं की "शिफ्ट (⇧)" असं दोन्ही लिहा, आणि त्याच जागी एकदाच सांगून टाका की हे बटन डावीकडे आणि उजवीकडे दोन ठिकाणी असतं. पुढे मग नुसतं शिफ्ट. नुसतं चिन्ह कधी चालतं? जेव्हा तेच चिन्ह वाचकाच्या बटनावर छापलेलं आहे आणि शब्द छापलेला नाही, तेव्हा. जसे खालचे चार बाण. तिथे "वरचा बाण ↑" लिहिलं की काम झालं.

नुसत्या चिन्हांची दुसरी गोची म्हणजे जुळी भावंडं. ⇧ आणि ⇪ पाहा, खाली एक बारकी रेघ, एवढाच फरक. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर दिसतो, कागदावर दहा पॉइंटात झेरॉक्सच्या झेरॉक्सवर काय दिसणार डोंबल. ⌫ आणि ⌦ मधे टोक कोणत्या बाजूला एवढाच फरक, आणि चुकलं तर वाचकाचा मजकूर भलतीकडून खोडला जातो. मॅकचं कंट्रोलचं ⌃ आणि सहाच्या आकड्यावर असतं ते ^ हे टोपीचं चिन्ह, हे दोन तर सख्खे जुळे.

त्या टोपीवरून सांगते. लिनक्सवर नॅनो नावाचा छोटा एडिटर आहे, त्याच्या खाली मदतीची पट्टी असते, तिथे टोपी आणि एक्स लिहिलेलं असतं, अर्थ असा की कंट्रोल धरून एक्स दाबा, बाहेर पडाल. ही जुनी युनिक्सची पद्धत आहे. आमच्या क्लासमधल्या पोट्ट्याने शिफ्ट धरून सहा दाबला, मग एक्स दाबला, स्क्रीनवर टोपी आली एक्स आला, बाहेर काही पडता येईना, शेवटी त्याने कॉम्प्युटरच बंद केला. त्याच पट्टीत एम-यू असं पण असतं, त्यातला एम म्हणजे मेटा, आपल्या कीबोर्डवर ऑल्ट. ईमॅक्स नावाचा दुसरा एडिटर आहे, ते लोक कंट्रोलला नुसतं सी लिहितात. तुम्ही अशा प्रोग्रॅमबद्दल लिहित असाल तर पहिल्याच परिच्छेदात हे फोडून सांगा, नाही तर वाचक सी म्हणजे सीच समजणार, त्याची काय चूक.

विंडोजच्या बटनाचं तर युनिकोडमधे चिन्हच नाही, कारण तो कंपनीचा लोगो आहे. हे बटन १९९४ च्या सुमारास कीबोर्डवर आलं, तेव्हापासून लोगो पण बदलत गेला, आधी फडकणारा झेंडा, मग तिरकी खिडकी, आता सरळ चार चौकोन. काही जण त्याच्याऐवजी ⊞ हे वापरतात, दिसायला जवळपास आहे, पण ते गणिताचं चिन्ह आहे, चौकोनात अधिक. मी तरी वापरत नाही. मी लिहिते "विंडोज बटन (स्पेसबारच्या डावीकडे, खिडकीचं चित्र)", आणि जुन्या कीबोर्डवाल्या गावांसाठी "खिडकीचं किंवा झेंड्याचं चित्र".

शब्द कोणता वापरायचा यावर पण लोक भांडतात. कळफलक, कळ हे पुस्तकी शब्द चांगले आहेत पण "एंटरची कळ दाबा" म्हटलं की आमच्याकडे कोणीतरी पोट धरून दाखवतंच. लोक बटन म्हणतात, बटन लिहा. बटन का बटण यावर वेळ घालवू नका, एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

तिसरी पायरी: अधिकचं चिन्ह, स्वल्पविराम आणि आडवी रेघ

दोन बटनं एकत्र दाबायची म्हणजे मधे अधिक, ही मायक्रोसॉफ्टची पद्धत. ॲपलवाले त्यांच्या लेखनात आडवी रेघ मारतात, कमांड-सी. आपल्याकडे अधिकच बरं. एकामागून एक दाबायची असतील तर अधिक अजिबात नको, "आधी हे, सोडा, मग ते" असं लिहा. व्हीएस कोड या प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमधे कंट्रोल + के आणि मग कंट्रोल + एस अशी जोडी आहे, त्याने शॉर्टकटची यादी उघडते, आता हे चारही एका ओळीत अधिकने जोडले तर माणूस चार बोटं ताणून दाबायचा प्रयत्न करतो.

खुद्द अधिकचं बटन दाबायचं असेल, जसं ब्राउझरमधे अक्षर मोठं करायला, तिथे "कंट्रोल + +" लिहाल तर तुम्हालाच वाचता येणार नाही. शब्दात लिहा, कंट्रोल आणि प्लसचं बटन. उणे, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण यांचं पण तसंच, चिन्ह द्या पण नाव सोबत हवंच, नाही तर वाचकाला तो वाक्यातलाच विराम वाटतो.

मॅकसाठी एकापेक्षा जास्त बटनं लिहाल तर ॲपलचा क्रम कंट्रोल, ऑप्शन, शिफ्ट, कमांड असा आहे, तोच ठेवा म्हणजे मेनूत दिसतं त्याच्याशी जुळतं.

चौथी पायरी: आपली मराठी, आपले प्रत्यय

हे कोणत्याच इंग्रजी गाइडमधे सापडणार नाही, कारण त्यांना हा त्रासच नाही. आपण शब्दाला प्रत्यय चिकटवतो. एंटरने, शिफ्टला, कंट्रोलच्या, टॅबवरून. आता चिन्ह वापरलं की हे होतं: "⏎ने पुढे जा", "⇧ला धरून ठेवा". वाचायला अडखळतं, चिन्हाचं नाव डोक्यात यायच्या आधीच प्रत्यय येऊन आदळतो. चौकट काढली असेल तर अजून मजा, प्रत्यय चौकटीत घ्यायचा का बाहेर? आत घेतला तर बटनावर "एंटरने" छापलंय असं वाटतं, बाहेर ठेवला तर "ने" एकटाच लटकतो. आणि चुकून चिन्हाच्या मागे नुसती मात्रा किंवा अनुस्वार टाइप झाला तर तिथे ठिपक्यांचं गोल उगवतं, मग वाचक विचारतो मॅडम हे कोणतं बटन.

यावर मी खूप डोकं लावलं आणि शेवटी उपाय एकदम घरगुती निघाला. बटनाच्या नावामागे "बटन" शब्द लावा आणि प्रत्यय त्याला चिकटवा. "एंटर ⏎ बटनाने पुढे जा." "शिफ्ट ⇧ बटनाला धरून ठेवा." किंवा वाक्यच असं फिरवा की प्रत्यय लागत नाही: "एंटर दाबा", "शिफ्ट धरा". कागद थोडा लांबतो, लांबू द्या.

दुसरी मराठी गोम म्हणजे अक्षरांची. मराठी टायपिंगचा कागद लिहित असाल तर "शिफ्ट + न" आणि "शिफ्ट + एन" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर (मराठी टायपिंगची सरकारी मांडणी) न हा व्हीच्या बटनावर आहे, आणि एनच्या बटनावर ल, शिफ्ट धरून तेच दाबलं की ळ. ऱ्हास, वाऱ्यावर, यातला आडवा ऱ् काढायला शिफ्ट धरून जे दाबायचं, येतो ऱ, मग डीचं बटन, ते हलन्त देतं. आता अशा कागदावर जर एकदा मराठी अक्षर आणि एकदा इंग्रजी अक्षर बटनाचं नाव म्हणून वापरलं तर वाचक गेलाच कामातून. वरती एकदा लिहा, की चौकटीत दिसतंय ते बटनावरचं इंग्रजी अक्षर आहे, आणि बाहेर दिसतंय ते स्क्रीनवर उमटणारं मराठी अक्षर आहे. आणि मग शेवटपर्यंत त्याला जागा.

पाचवी पायरी: चौकट काढणं

वेबपानावर लिहित असाल तर एचटीएमएलमधे (वेबपान ज्या खुणांनी, म्हणजे टॅगनी, लिहितात ती भाषा) यासाठी केबीडी नावाचा टॅग आहे, १९९५ च्या एचटीएमएल २.० पासून आहे, नवीन काही नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या मार्कडाउनमधे (साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) पण चालतो, बटनासारखी चौकट आपोआप येते. प्रत्येक बटनाला वेगळा टॅग द्या, अधिकचं चिन्ह बाहेर ठेवा.

फक्त, हे टॅग इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून सजवलेले असतात. ब्राउझर केबीडीला टाइपरायटरसारखा एकाच रुंदीचा फॉन्ट लावतो, त्यात देवनागरी नसते, मग तो इकडून तिकडून दुसरा फॉन्ट आणतो आणि "कंट्रोल" बाकी मजकुरापेक्षा लहान किंवा वेगळाच दिसतो. सजावटीत केबीडीला मजकुराचाच फॉन्ट द्या, काम संपलं. दुसरं म्हणजे ओळींमधलं अंतर. इंग्रजी अक्षराच्या वरखाली जागा असते, आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, जोडाक्षरं. त्यात चौकटीची रेघ आली की खालच्या ओळीची वेलांटी चौकटीत घुसते. ओळीचं अंतर १.८ पट ठेवा, दोन पट ठेवलं तरी कोणी मारत नाही. तिसरं, जोडी तुटू देऊ नका. "कंट्रोल +" या ओळीच्या शेवटी आणि "सी" पुढच्या ओळीत, असं झालं की वाचक कंट्रोल आणि अधिक दाबतो. वेबवर पूर्ण जोडीला न तुटण्याची सजावट द्या, वर्ड किंवा लिब्रेऑफिसमधे मधली स्पेस साधी न देता कंट्रोल शिफ्ट धरून स्पेस द्या, ती तुटत नाही.

फिकट राखाडी चौकट, पांढुरकं अक्षर, हे स्क्रीनवर छान दिसतं. झेरॉक्स मारली की चौकट गायब, अक्षर भुरकट. वेबच्या सुलभतेच्या नियमात साध्या मजकुरासाठी रंगांचा फरक निदान ४.५ ला १ असावा असं आहे, मी तर काळ्यावर पांढरं नाही तर पांढऱ्यावर काळं, रेघ ठसठशीत, एवढंच पाळते. ज्याचा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चार वर्षं चिकटून राहणार आहे त्याने नाजूकपणा करू नये.

चित्रं, म्हणजे बटनांचे छोटे फोटो टाकायचा मोह होतो. आवरा. नेट हळू असलं की चित्र येत नाही, पानात शोधता येत नाही, कॉपी होत नाही. आयकॉनचे फॉन्ट असतात त्यांचंही तेच, फॉन्ट उतरला नाही की जागेवर रिकामा डबा. या डब्याला फॉन्टवाले टोफू म्हणतात, गूगलच्या नोटो फॉन्टचं नाव त्यावरूनच, नो टोफू. आमच्याकडे टोफू कोणी खाल्लेला नाही, आम्ही खोकाच म्हणतो.

सहावी पायरी: कृती देव, व्हॉट्सअॅप आणि रंगीत बाण

आपल्याकडे अजून अर्ध्या फाइली कृती देव या जुन्या फॉन्टमधे आहेत, ते नाकारून चालत नाही. कृती देव हा युनिकोड नाही, तो इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप घालतो. म्हणजे काय होतं, तुम्ही त्या फॉन्टमधे कंट्रोलचं इंग्रजी लघुरूप टाइप केलं की कागदावर "ब्जतस" उमटतं, आणि अधिकच्या चिन्हाचा होतो नुक्ता. एका कार्यालयातून आलेलं सूचनापत्रक मी पाहिलंय त्यात प्रत्येक शॉर्टकटच्या जागी ब्जतस होतं, आणि लोकांनी ते काहीतरी सरकारी लघुरूप असेल म्हणून सोडून दिलं होतं. तेव्हा नवीन कागद युनिकोडमधेच करा, आणि जुन्यात दुरुस्ती करायची तर बटनांच्या नावांपुरता फॉन्ट बदला आणि प्रिंट काढून नजर फिरवा.

व्हॉट्सअॅपवर पायऱ्या पाठवताना वेगळा घोळ. तिथे दोन स्टारच्या मधला मजकूर ठळक होतो आणि स्टार गायब, खालच्या रेघेने तिरपा होतो, नागमोडी रेघेने खोडल्यासारखा. म्हणून ही बटनं शब्दात लिहा: स्टार, अंडरस्कोर, टिल्डे. मार्कडाउनमधे पण हीच गत.

बाणांचं पण पाहा. ↑ हा साधा बाण आहे, पण ⬆ आणि ↩ यांना इमोजीचं रूप पण आहे, काही फोनवर ते रंगीत डबीत दिसतात, मधेच निळा चौकोन, बाकी चिन्हं काळी. पाहणाऱ्याला वाटतं ते महत्त्वाचं आहे. एंटरसाठी ⏎ किंवा ↵ घ्या, शिफ्टसाठी ⇧, आणि साधे पातळ बाण, यांना ती भानगड नाही.

चिन्ह टाइप कसं करायचं हेही विचारतात. वर्डमधे चिन्हाचा नंबर टाइप करा, इंग्रजी आकड्यात, जसं ⌘ साठी २३१८, आणि लगेच ऑल्ट धरून एक्स. लिब्रेऑफिसमधे पण चालतं. शिफ्टचा २१ई७, बॅकस्पेसचा २३२बी, एंटरचा २३सीई. विंडोजमधे विंडोज बटन धरून पूर्णविराम दाबला की इमोजीची खिडकी येते, तिच्यात चिन्हांचा पण भाग आहे. मी तर एका फाइलीत सगळी चिन्हं ठेवलीत, तिथून उचलते.

सातवी पायरी: फोनवर वाचून पाहा

लिहिलेला कागद हातात घ्या आणि कोणाला तरी फोन लावून वाचा. खेड्यात मदत अशीच होते, समोरचा स्क्रीनसमोर बसलेला, आपण शेतात नाही तर एसटीत. जे चिन्ह तोंडाने वाचता येत नाही ते तुमच्या कागदात एकटं असायला नको, एवढी साधी परीक्षा आहे. अक्षरं पण वाचून पाहा, फोनवर डी, बी, पी, व्ही सगळं सारखंच ऐकू येतं, आम्ही म्हणतो बी बुलढाण्याचा, डी दिग्रसचा, पी पुसदचा, व्ही विदर्भाचा. व्हीला वर्धा म्हणू नका, ते डब्ल्यूने लिहितात, एकदा फसलेय.

अंध वाचकांसाठी तर ही परीक्षा रोजचीच. एनव्हीडीए नावाचा फुकट स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) आहे, २००६ मधे मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने सुरू केलेला, तो उतरवून घ्या आणि आपलं पान ऐका. चिन्ह कसं वाचलं जाईल ते आवाजावर आणि सेटिंगवर अवलंबून असतं, कधी त्याचं युनिकोडमधलं नाव येतं, कधी चिन्ह गुपचूप गाळलं जातं. वर ⌘ चं अधिकृत नाव सांगितलं ना, ते आठवा आणि वाक्य ऐका: "प्रेक्षणीय स्थळ अधिक सी दाबा". गाळलं गेलं तर त्याहून वाईट, "अधिक सी दाबा". शब्द आधी लिहिलेला असला की हे दोन्ही टळतं. केबीडीच्या चौकटीवर पण भरोसा ठेवू नका, चौकट ऐकू येत नाही, म्हणून "दाबा", "धरा" ही क्रियापदं गाळू नका.

शेवटची पायरी: समोर बसा आणि गप्प राहा

एवढं करूनही कागद छापायच्या आधी एका खऱ्या माणसाला द्या, त्याच्या बाजूला बसा आणि तोंड बंद ठेवा. हे सगळ्यात अवघड आहे, आपण लगेच बोट दाखवतो. बचत गटाच्या एक काकू आहेत, हिशोब लॅपटॉपवर करायचा म्हणून शिकताहेत, त्यांना मी प्रिंट काढायचा कागद दिला. शब्द आधी, चिन्ह मागे, चौकट ठसठशीत, जोडी न तुटणारी, सगळं नियमाप्रमाणे. काकूंनी कंट्रोल शोधला, दाबला, मग उजवीकडच्या आकड्यांमधलं प्लसचं बटन शोधून ते दाबलं, मग पी दाबला. माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. त्यांनी परत तेच केलं, जरा जोरात.

आता माझ्या नवशिक्यांच्या कागदावर अधिकचं चिन्हच नाही, "कंट्रोल धरून ठेवा, धरलेलंच असू द्या, पी एकदा दाबा" असं आहे. तो बदललेला कागद घेऊन दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले, त्यांनी कंट्रोल धरला, पी दाबला, प्रिंटची खिडकी आली, आणि कंट्रोलवरचं बोट तसंच ठेवून विचारलं, "अन हे सोडू कवा?"

तेवढं वाक्य पेनाने लिहिलं खाली. पुढच्या छपाईत घेते.